मारुती ८०० : नवा कार्ब्युरेटर बसवल्यापासून गाडी स्लो धरत नाही

प्रश्न : सांगली

नमस्कार. वडिलांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० आमच्या घरी अजून चालू स्थितीत आहे. या वर्षी तिच्या नोंदणीचे पुन्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचे असल्याने मी गेले दोन महिने तिची एकेक दुखणी दूर करून घेत आहे. इंजिनाचे मोठे काम कधी झालेले नाही, तेल ती फारसे खात नाही आणि तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मागच्याच वर्षी तपासून घेतले होते, ते ठीक होते.

मूळ कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वरून पेट्रोल गळू लागला होता. मेकॅनिकने निडल व्हॉल्व्ह बदलून पाहिला, पण गळती थांबली नाही, तेव्हा त्याने ‘बॉडीच गेली आहे’ असे सांगून नवा बसवण्याचा सल्ला दिला. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून दुकानातून खोक्यावर कोणाचेही नाव नसलेला नवा कार्ब्युरेटर आणला आणि तो मागच्या आठवड्यात बसवला. तेव्हापासूनची स्थिती अशी आहे.

सकाळी चोक ओढून गाडी लगेच सुरू होते. चोक आत ढकलला की मात्र बंद पडते. स्लोचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या मंद गतीने चालते त्या गतीचा, स्क्रू बराच आत फिरवून ठेवला तर उभी राहते, पण तेव्हा मेकॅनिकच्या मीटरवर मिनिटाला १२०० फेरे दिसतात आणि कानाला ती त्याहूनही जास्त वाटते. स्क्रू थोडा मागे घेतला की इंजिन दोन-चार गचके देऊन बंद होते. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घातला काय आणि चार फेरे बाहेर काढला काय, इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडत नाही. सिग्नलला ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते, आणि उतारावर पाय काढला तर सायलेन्सरमधून फट् फट् असा आवाज येतो. ताशी चाळीसच्या वर गेले की मात्र जणू काही झालेच नाही, अशी छान पळते.

आतापर्यंत प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, स्लो जेट काढून हवेने फुंकला आणि पेट्रोलचा फिल्टरही नवा बसवला. मेकॅनिकचे म्हणणे आहे की नव्या कार्ब्युरेटरमध्येच दोष आहे. दुकानदार म्हणतो की बसवलेला माल परत घेत नाही. आणखी खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, हे कृपया सांगावे.


प्रतिसाद : निवृत्त शिल्प निदेशक, पुणे

आपण लक्षणे इतकी व्यवस्थित लिहिली आहेत की अर्धे निदान त्यांतच झाले आहे. सगळ्यांत बोलके लक्षण म्हणजे मिक्श्चरच्या स्क्रूचा काहीही परिणाम न होणे. पुष्कळ जण अशा वेळी तो स्क्रू आणखी फिरवत बसतात. वास्तविक तो स्क्रू आपल्याला एवढेच सांगत असतो की, ‘ज्या वाटेवर मी पहारा देतो, त्या वाटेने या इंजिनात पेट्रोल येतच नाही.’

ती वाट कोणती, ते आधी पाहू. पाय ॲक्सिलरेटरवर नसतो तेव्हा थ्रॉटलची पाकळी, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी कार्ब्युरेटरमधली झडप, जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे मुख्य नळीपाशी, हवेचा वेग इतका कमी असतो की तिथून पेट्रोल ओढलेच जात नाही. त्या वेळी इंजिनाचे पोट भरते ते पाकळीच्या खाली असलेल्या एका बारीक छिद्रातून. स्लो जेटमधून मोजून आलेले पेट्रोल वाटेतच हवेत मिसळते आणि त्या छिद्राशी येते. तिथे किती सोडायचे हे मिक्श्चरचा स्क्रू ठरवतो. त्या छिद्राच्या किंचित वर, मिटलेल्या पाकळीच्या काठालगत, आणखी दोन-तीन छिद्रे असतात. पाकळी उघडू लागली की ती एकामागून एक उघडी पडतात आणि मुख्य नळी चालू होईपर्यंतचा मधला काळ निभावून नेतात. ही छिद्रेही त्याच स्लोच्या वाटेवरची आहेत, हे लक्षात ठेवा.

आता स्क्रू मुका होण्याची दोन कारणे असू शकतात. एक, स्लोची वाट उघडी आहे, पण पाकळी इतकी उघडून ठेवली आहे की इंजिन वरच्या छिद्रांतून आणि मुख्य नळीतून पोट भरून घेते आणि खालच्या छिद्राची त्याला गरजच उरत नाही. दुसरे, स्लोची वाटच बंद आहे, आणि म्हणूनच आपल्याला पाकळी एवढी उघडून ठेवावी लागली. आपल्या गाडीत दुसरी शक्यता मला जास्त वाटते, कारण पाकळी मागे घेताच इंजिन बंद पडते आणि वेगात मात्र काहीच तक्रार नसते. उतारावरचे फट् फट् हेही त्याच घरचे आहे. मिश्रण इतके पातळ होते की ते सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही आणि पुढे गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते.

जेट आपण फुंकला, हे चांगले केले. मात्र या कार्ब्युरेटरवर स्लोच्या वाटेत आणखी एक पहारेकरी असतो, तो म्हणजे सोलेनॉइड. बोटाच्या पेराएवढा धातूचा हा डबा कार्ब्युरेटरच्या अंगावर बसवलेला असतो आणि त्याला वायर जोडलेली असते. चावी बंद केल्यावर तापलेले इंजिन ठिणगीशिवायच धडधडत राहू नये, म्हणून ही सोय केलेली आहे. वीज मिळाली की त्यातली सुई मागे सरते आणि वाट उघडते, वीज गेली की स्प्रिंगने पुढे येऊन वाट बंद करते. ती वायर जोडायची राहिली असेल, सैल असेल किंवा सोलेनॉइडच मेलेला असेल, तर आपण वर्णन केले आहे अगदी तसेच घडते, आणि मग जगातला कोणताही जेट फुंकून उपयोग होत नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ‘ऑन’ करा, बॉनेटखाली कान देऊन सोलेनॉइडची वायर काढा आणि पुन्हा लावा. प्रत्येक वेळी ‘टिक्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आवाज न आल्यास त्या वायरच्या टोकाशी टेस्ट लॅम्प लावून बारा व्होल्ट येतात का ते पाहा. येत असतील तर सोलेनॉइड किंवा त्याचे अर्थिंग खराब आहे, येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये आहे. मग इंजिन चालू ठेवून तीच वायर काढा. निरोगी गाडी वायर काढताच बंद पडते. आपली गाडी तशीच चालत राहिली, तर स्लोची वाट बंद असल्याचा तो पुरावा समजा.

जाता जाता मीटरविषयी एक शंका. गॅरेजमधले बहुतेक मीटर चार, सहा आणि आठ सिलिंडरांसाठी असतात, तीनचे घर क्वचितच सापडते. चार सिलिंडरांच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात आणि आपल्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात दीड. त्यामुळे मीटर ‘चार’वर ठेवून १२०० दिसत असेल, तर इंजिन प्रत्यक्षात १६०० वर चालले आहे. आपल्या कानांनी बरोबरच सांगितले. या गाडीची स्लो साधारण ९०० च्या आसपास असायला हवी, म्हणजे त्या मीटरवर ६७५ दिसले पाहिजेत. हा हिशोब न कळल्यामुळे चांगल्या लावलेल्या गाड्या बिघडवलेल्या मी पाहिल्या आहेत.


प्रतिसाद : गॅरेजचालक, उद्यमनगर, कोल्हापूर

सरांनी सांगितलेले आधी करा, त्यात दुमत नाही. माझी पैज मात्र हवेवर आहे. बाहेरच्या बनावटीचा कार्ब्युरेटर आला की आम्ही बसवण्यापूर्वीच त्याचा तळ काचेवर ठेवून बघतो, कारण दहांतले काही तरी वाकडे निघतातच. जाड काचेचा सपाट तुकडा घ्यायचा, त्यावर कार्ब्युरेटर उभा ठेवायचा आणि चारही कोपऱ्यांना ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पाती सरकवून पाहायची. पाती आत गेली तर तळ वाकडा आहे. थोडाच वाकडा असेल तर त्याच काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरायचा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवून तळ घासून काढायचा. जास्त वाकडा असेल तर दुकानदाराच्या टेबलावर नेऊन त्याच्यासमोर काच ठेवायची. एरवी माल परत न घेणारा दुकानदारही पाती सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की नरमतो, असा माझा अनुभव आहे.

तळ सरळ असला, तरी त्याखालचा काळा इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पॅकिंगे नवी टाकली होती का, ते मेकॅनिकला विचारा. जुने पॅकिंग खरवडताना स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डवर ओरखडे पडतात आणि तिथूनच हवा शिरते. काही जण त्यावर सिलिकॉनचा जाड थर देतात, तो तर मुळीच देऊ नये. पेट्रोल लागले की सिलिकॉन फुगतो आणि त्याचे तुकडे आत ओढले जातात. नट कसताना समोरासमोरचे थोडे थोडे कसावेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेले, तर सरळ आलेला तळही तिथेच वाकतो.

हवा कुठून शिरते हे शोधण्यासाठी अनेक जण चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. माझ्या गॅरेजमध्ये त्याला परवानगी नाही. खाली गरम सायलेन्सर आणि शेजारी ठिणग्या असताना तो आगीशी खेळ आहे. तेलाच्या कुपीने इंजिन ऑइलचे थेंब तळाच्या सांध्यावर सोडा. हवा शिरत असेल तर तेल सुर्रकन आत ओढले जाते, क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो आणि थोड्या वेळाने सायलेन्सरमधून निळा धूर दिसतो. जागा सापडते आणि भुवयाही शाबूत राहतात.

आणखी एक अगदी साधी गोष्ट सांगतो, हसू नका. नव्या कार्ब्युरेटरवर चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल जुन्याच मापाने अडकवली की कधीकधी ती ताठ राहते. चोक पूर्ण आत ढकलला तरी कार्ब्युरेटरवरची त्याची पाकळी अर्धवट मिटलेली राहते, आणि ॲक्सिलरेटरची केबल ताठ असेल तर स्लोचा स्क्रू कितीही मागे घेतला तरी तो टेकतच नाही. मागच्या दिवाळीत एक गाडी तीन गॅरेज फिरून माझ्याकडे आली होती. तिची केबल दोन सूत ढिली केली आणि चहा येईपर्यंत गाडी परत दिली. पैसे किती घ्यावेत हेच मला कळेना.


प्रतिसाद : फोंडा, गोवा

माझी गाडी मारुती नसून प्रीमियर पद्मिनी आहे, तिचा सोलेक्स कार्ब्युरेटर आपल्यापेक्षा साधा आहे आणि त्यावरचे माझे ज्ञानही तितकेच साधे आहे. तरी एक मुद्दा मांडतो, कारण वरच्या दोन्ही प्रतिसादांत तो आलेला नाही.

आपले मूळ कार्ब्युरेटर ज्या काळात आखले गेले, त्या काळी पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. आज ई२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोल नीट जळण्यासाठी एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊच्या आसपास पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास हवा लागते, पण कार्ब्युरेटरला हे कोणी सांगितलेले नसते. तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. वेगात ते खपून जाते, पण स्लोवर इंजिन आधीच कडेवर उभे असते आणि तेवढ्या फरकानेही डगमगू लागते. माझ्या पद्मिनीला मिक्श्चरचा स्क्रू पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा फेरा जास्त उघडावा लागला. आपल्या गाडीचे मुख्य दुखणे हे नसेल, पण ते सापडल्यावर शेवटची जुळणी करताना जुन्या पुस्तकातल्या फेऱ्यांवर अडून राहू नये, एवढेच सुचवायचे आहे.

इथेनॉलमुळे जुने रबरही मऊ पडते. कार्ब्युरेटर बदलताना पेट्रोलच्या नळ्या जुन्याच ठेवल्या असतील तर त्या दाबून पाहा. माझ्या एका नळीच्या आतला थर सुटून त्याचे काळे कण थेट फ्लोटच्या डबीत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्यात, उतरले होते.

शेवटची जुळणी पीयूसी केंद्रावरच्या यंत्राला नळी लावून करता आली तर उत्तम. आमच्या इथला केंद्रचालक गर्दी नसेल तेव्हा दहा मिनिटे देतो. पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवण्याइतके दुसरे समाधान नाही. आपल्या १९९६ च्या गाडीला तीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे.


प्रतिसाद : ठाणे

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हा बिननावाचा कार्ब्युरेटर काढून मूळचाच दुरुस्त का करून घेत नाही? निडल व्हॉल्व्ह बदलूनही पेट्रोल गळत होते म्हणजे बॉडी गेली, हा निष्कर्ष मला पटत नाही. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगत वर येऊन निडल बंद करणारा पोकळ तरंगा, त्यात बारीक भोक पडून पेट्रोल शिरले असेल, तर तो बुडतो आणि निडल कितीही नवी असली तरी गळती चालूच राहते. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज आला तर चोर सापडला.


प्रतिसाद : निवृत्त शिल्प निदेशक, पुणे

ठाण्याच्या मित्रांचा मुद्दा योग्य आहे आणि मूळ कार्ब्युरेटर मुळीच टाकून देऊ नये. माझी विनंती एवढीच की दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय कार्ब्युरेटरांची अदलाबदल करू नये. दोष वायरीत असेल तर मूळचा बसवूनही गाडी अशीच बंद पडेल आणि मग बिचाऱ्या मूळच्यालाही दोष लागेल.

हवेविषयी कोल्हापूरकरांनी लिहिले आहे, त्याला एक पुस्ती जोडतो. एअर फिल्टरचे झाकण काढा आणि इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू आणा. तोंड अर्धे झाकल्यावर इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. लगेच गुदमरले तर मिश्रण आधीच दाट आहे.

दुसरी पुस्ती व्हॅक्यूमच्या नळ्यांविषयी. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्कोकडे, जाणारी बारीक नळी कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या पाकळीच्या वर असलेल्या तोटीला लागते. स्लोवर तिथे ओढ नसते, पाकळी उघडली की ओढ येते आणि टायमिंग पुढे सरकते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. नव्या कार्ब्युरेटरवर तोट्या शेजारी शेजारी असतात आणि चुकून पाकळीच्या खालच्या तोटीला नळी लागली, तर स्लोवरच टायमिंग पुढे जाते. मग इंजिन चढते, पडते, पुन्हा चढते. तपासण्यासाठी नळी डेल्कोच्या बाजूने काढून तिच्या तोंडावर बोट ठेवा. स्लोवर बोट ओढले जाता कामा नये. मात्र ही तपासणी स्लो ९०० वर आल्यानंतरच करा. १६०० वर पाकळी इतकी उघडी असते की बरोबर लावलेल्या नळीतही ओढ जाणवेल आणि आपण उगाच चांगली नळी हलवाल.


प्रश्नकर्ता : सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण रविवारखेरीज वेळ मिळत नाही.

सोलेनॉइडपासून सुरुवात केली. चावी ऑन करून वायर काढली-लावली तरी टिक् असा आवाज आला नाही. टेस्ट लॅम्प वायरच्या टोकाशी लावला, तर तो पेटला नाही. वायर मागे चाचपत गेलो, तेव्हा कनेक्टरपासून चार बोटांवर ती बोटाला विचित्र मऊ लागली. वरचे आवरण धडधाकट होते, पण ब्लेडने चीर दिल्यावर आतले तांबे हिरवे पडलेले दिसले आणि हलक्या हाताने ओढताच तिचे दोन तुकडे झाले. बहुधा जुना कार्ब्युरेटर काढताना ती ओढली गेली असावी. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, झाळला आणि वर स्लीव्ह चढवली. चावी फिरवली आणि टिक् असा आवाज आला. त्या आवाजाने मला झालेला आनंद घरात कोणालाच समजला नाही.

गंमत पुढेच होती. गाडी सुरू करताच इंजिन एकदम ओरडायला लागले, कारण स्लोची वाट उघडली होती आणि पाकळी मात्र पूर्वीसारखीच उघडी होती. घाबरून चावी बंद केली, मग स्क्रू मागे घेत घेत मीटरवर ६७५ आणले. होय, मीटर ‘चार’वरच होता. मेकॅनिकला तो हिशोब सांगितला, तेव्हा त्याने खिशातून पेन काढून मीटरच्या पाठीवर लिहून ठेवला. मिक्श्चरचा स्क्रू आता बोलू लागला. आत घेतला की इंजिन अडखळते, सव्वादोन फेऱ्यांवर सगळ्यांत गुळगुळीत चालते आणि त्यापुढे आवाज जड होतो.

तरीही एक दुखणे उरले. इंजिन पूर्ण तापल्यावर स्लो दर दोन-तीन सेकंदांनी चढत-उतरत होती. तळाच्या सांध्यावर तेलाचे थेंब सोडले, पण ते तसेच राहिले. समाधान होईना म्हणून कार्ब्युरेटर काढून काचेवर ठेवला, तर ०.०५ ची पाती एकाही कोपऱ्यात शिरली नाही. मग डेल्कोची नळी काढून बोट ठेवले आणि बोट चांगलेच ओढले गेले. शेजारच्या तोटीवर रबरी टोपी बसवलेली होती. नळी आणि टोपी यांची अदलाबदल केली, बोटाची ओढ थांबली आणि चढउतारही थांबली. त्यानंतर टायमिंग लाइट लावून पाहिले, तर टायमिंग थोडे मागे होते. पूर्वी चुकीच्या नळीसह कोणीतरी कानाने लावले असणार. ते बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या अंशांवर आणले आणि स्लो पुन्हा एकदा जुळवली.


प्रतिसाद : गॅरेजचालक, उद्यमनगर, कोल्हापूर

पैज हरलो, मान्य आहे. आता एसी असेल तर तो लावून, आणि नसेल तर हेडलाइट, पंखा आणि वायपर एकदम लावून स्लो किती पडते ते पाहा. आणि थांबलेल्या अवस्थेतून ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर गाडी क्षणभर गप्प होते का, तेही सांगा. या बनावटीत ॲक्सिलरेटर पंपाची, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल मारणारी, पिचकारी अशक्त असल्याचे मी बरेच वेळा पाहिले आहे.


प्रश्नकर्ता : सांगली

गाडीला एसी नाही. दिवे, पंखा आणि वायपर लावल्यावर मीटर ६७५ वरून ६३० च्या आसपास येतो, पण गाडी बंद पडत नाही.

पिचकारीबद्दल आपण म्हणता ते मात्र तंतोतंत खरे निघाले. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणभर गाडी गप्प होते आणि मग उचलते. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून थ्रॉटल हाताने ओढला, तर एक सरळ धार यायच्या ऐवजी दोन थेंब ओघळतात. वायरीचा आणि नळीचा दोष कार्ब्युरेटरचा नव्हता, पण हा त्याचाच आहे.

त्यामुळे ठाण्याच्या मित्रांचे ऐकून मूळचा कार्ब्युरेटर खोलला. फ्लोट कानाशी हलवला आणि आत पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज स्पष्ट आला. गरम पाण्यात बुडवल्यावर कडेच्या जोडावरून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. म्हणजे बॉडी गेलेली नव्हतीच. फ्लोट आणि रिपेअर किट मागवले आहे. स्लो जेट उजेडाकडे धरून पाहिला, तर छिद्र अर्धे दिसते आणि भोवती तपकिरी थर आहे. तो कशाने साफ करावा?


प्रतिसाद : निवृत्त शिल्प निदेशक, पुणे

रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी उलट्या बाजूने हवा मारा. तरीही थर राहिला तर वायरीतले तांब्याचे एक केस काढून हलकेच फिरवा. पोलादी तार किंवा सुई मुळीच घालू नका, छिद्राचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते आणि एकदा ते मोठे झाले की जेट फेकूनच द्यावा लागतो. नवा फ्लोट बसवल्यावर त्याच्या पट्टीची उंची किटबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे मोजा आणि मगच झाकण बंद करा. मूळचा बसवताना डेल्कोची नळी कोणत्या तोटीला आहे याचा आधी फोटो काढून ठेवा.


प्रश्नकर्ता : सांगली

फोटो काढला आहे. वायरीतले तांबेही शिल्लक आहे, तोच कापलेला हिरवा तुकडा मी टाकला नव्हता, त्यातले एक स्वच्छ केस निवडले. काल सध्याच्याच कार्ब्युरेटरवर पीयूसी करून घेतली, कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के आले. मूळचा बसवल्यावर पुन्हा यंत्रावर नेईन आणि आकडा इथे लिहीन.